पाव्हणं, आमी कुठं हाय?

सह्याद्रीचे पॅनोरमा टाकणाऱ्या आपल्या सगळ्यांवर माझा एक आरोप आहे. आपण माणसं गायब करतो. पहिला आरोपी मीच.

साताऱ्याहून सज्जनगडाच्या बाजूनं ठोसेघरला जा, तिथून पुढे चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्यांचं. सप्टेंबरात तिथे उभा राहून मी बारा फोटो काढले. कॅमेरा उभा धरलेला, एक्स्पोजर लॉक, प्रत्येक फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुढच्या फोटोत येईल असा. मी डावीकडून उजवीकडे फिरत होतो आणि त्याच दिशेनं एक मामा म्हशी घेऊन चालले होते. त्यामुळे बारापैकी चार फोटोंत तेच. निघताना त्यांनी विचारलं, "पाव्हणं, आमी बी आलो का त्यात?" मी म्हटलं, "आलात की, मामा." त्यांनी नंबर दिला.

घरी येऊन 'हगिन'मध्ये फोटो जोडायला घेतले. सॉफ्टवेअर शेजारच्या दोन फोटोंत सारखे बिंदू शोधतं आणि त्यावरून सांधतं. त्याचा विश्वास फक्त न हलणाऱ्यावर. कातळ जागच्या जागी बसला, म्हशी अर्ध्या झाल्या. एकीकडे नुसती शिंगं, दुसरीकडे धडाविना पाय. मी चारही फोटोंत मामांवर आणि म्हशींवर लाल मास्क फिरवला. पवनचक्क्यांची पाती तुटली होती, तीही पुसली. हात चालूच होता म्हणून विजेच्या ताराही. उरलं गवत आणि ढग. खाली कॉमेंट आल्या: 'स्वर्ग', 'अनटच्ड'. म्हशींनी चरून आखूड केलेल्या गवताला अनटच्ड!

गावाकडं जे जिवंत आहे ते हलतं. गुरं, भारा घेतलेली बाई, वळणावरची एसटी. मोबाइलच्या पॅनोरमातही तेच. आपल्या दिशेनं चालणारा लांबट होतो, उलट येणारा चेपतो, आपण हसतो आणि डिलीट करतो. मग अशा हजारो चित्रांतून आपल्याला रिकामं खेडं दिसायची सवय लागते. रिकाम्या जागेवर रिसॉर्ट काढायला कुणाला विचारावं लागतं?

हे जुनंच आहे म्हणा. रॉबर्ट बार्करनं गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं 1787 साली. 1800 मध्ये रॉबर्ट केर पोर्टरनं श्रीरंगपट्टणच्या पाडावाचा अवाढव्य पॅनोरमा लंडनमध्ये मांडला आणि लोक तो बघायला लोटले. आपण सगळं बघतोय असं प्रेक्षकाला वाटायचं. त्यात कोण दिसणार, हे मात्र चित्रकारानं ठरवलेलं.

'फोटो म्हणजे पंचनामा नव्हे,' असं एक मित्र म्हणाला. मान्य. पण मग कॅप्शनमध्ये 'जसं दिसलं तसं' लिहू नका. आणि तांत्रिक अडचणीची सबब तर मुळीच सांगू नका. ज्या एका फोटोत माणूस अख्खा आहे तिथे हिरवा मास्क लावायचा, बाकीच्यांत लाल. दहा मिनिटांचं काम. मी आकाशाच्या रंगावर दोन तास घालवले होते. ती दहा मिनिटं माझ्याकडे नव्हती असं नाही, मला मामा नकोच होते. त्यांच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं इरलं माझ्या हिरव्यात बसत नव्हतं.

हे मला कळलं ते त्यांच्या व्हॉइस मेसेजमुळे. कबूल केल्याप्रमाणे मी तो स्वर्ग त्यांना पाठवला होता. "पाव्हणं, फोटू झ्याक हाय. पर आमी कुठं हाय?"

दोन दिवस उत्तर दिलं नाही. मग मूळ फोटो पुन्हा उघडले. मामा आले, म्हशी आल्या, तारा राहिल्या, पात्यांचे तुकडे तसेच ठेवले. एक म्हैस काही केल्या नीट सांधली जाईना. तिला पाच पाय राहिले. तसंच पाठवून दिलं.

रात्री मेसेज आला. "आता बरूबर. पर ती पाच पायाची आमची न्हाई हां."