शुगरच्या वहीत खोटे आकडे. मोबाईल डायरीने प्रश्न सुटेल का?

मधुमेहाच्या पेशंटला डॉक्टर सांगतात, रोजची वही ठेवा. उपाशीपोटी शुगर किती, जेवणानंतर किती, इन्सुलिन किती युनिट घेतलं, घाम-चक्कर आली का, सगळं लिहायचं. पुढची तारीख जवळ आली की काय होतं, हे घराघरात माहीत आहे. एसटीत बसून नाहीतर दवाखान्याच्या बाकड्यावर पंधरा दिवसांचे आकडे एकाच पेनाने भरले जातात. डॉक्टर रागावू नयेत म्हणून १८० चे १४० होतात.

घरच्या उपचारात यामुळे नुकसान होतं ते एका माणसाचं. पण नव्या औषधाची चाचणी चालू असेल आणि तिथंही अशीच वही भरली गेली तर? त्या नोंदींवरून औषध किती गुणकारी, किती सुरक्षित, डोस किती हे ठरतं. नंतर तेच औषध लाखो लोक घेतात. म्हणूनच औषध संशोधनात आता कागदी वही मागे पडत चालली आहे आणि तिच्या जागी मोबाईलवरची इलेक्ट्रॉनिक डायरी येत आहे. हा बदल गावातल्या पेशंटच्या कामाचा आहे की नुसता शहरी थाट आहे, हे समजून घ्यायला हवं.

वहीची चोरी कशी पकडली गेली?

१९८४ साली अमेरिकेत मधुमेहाच्या काही पेशंटना शुगर मोजायचं मशीन दिलं गेलं. मशीनमध्ये प्रत्येक आकडा साठवणारी चिप होती, पण ते पेशंटना सांगितलं नव्हतं. नंतर वही आणि चिप ताडून पाहिली. वहीत असे आकडे सापडले की जे मशीनने कधी मोजलेच नव्हते. काही मोजलेले आकडे वहीतून गायब होते. बऱ्याच जणांच्या वहीतली सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा कमी निघाली.

दुसरा प्रयोग २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. तो मधुमेहाचा नव्हता, जुनाट दुखण्याच्या ८० पेशंटवर होता. पण माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच. अर्ध्या लोकांना कागदी वही दिली, अर्ध्यांना इलेक्ट्रॉनिक डायरी. कागदी वहीच्या फाईलमध्ये उजेड ओळखणारा सेन्सर लपवला होता. त्यामुळे फाईल कधी उघडली ते कळत होतं. वहीप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या होत्या. सेन्सरप्रमाणे वेळेवरच्या नोंदी फक्त ११ टक्के. जवळपास तिसरा हिस्सा दिवस असे होते की फाईल उघडलीच नव्हती, तरी त्या दिवसांची पानं भरलेली होती. इलेक्ट्रॉनिक डायरीवाल्यांच्या वेळेवरच्या नोंदी ९४ टक्के होत्या.

यात पेशंट लबाड आहेत असा अर्थ कोणी काढू नये. कामाच्या रगाड्यात विसर पडतो, नंतर आठवून लिहिलं जातं, आणि आठवण दगा देते.

डायरी काय करते?

ठरलेल्या वेळी मोबाईल वाजतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर दिलं की त्यावर तारीख आणि वेळेचा शिक्का बसतो. वेळ टळली की बऱ्याच डायऱ्यांमध्ये ती नोंद बंद होते. आकडा नंतर बदलला तर जुना काय होता, नवा काय आणि कधी बदलला, याची खूण राहते. काही ठिकाणी शुगरचं मशीन ब्लूटूथने जोडलेलं असतं, म्हणजे आकडा हाताने टाकायची गरजच नाही.

कोणी म्हणेल, तीन महिन्यांची एचबीएवनसी तपासणी असताना हा उद्योग कशाला? कारण ती तपासणी सरासरी दाखवते. एकाची शुगर कायम १५०-१६० च्या आसपास आणि दुसऱ्याची कधी ५० तर कधी ३००, तरी दोघांची सरासरी सारखी येऊ शकते. धोका मात्र दुसऱ्याला जास्त. शुगर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ५४ च्या खाली गंभीर. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांमुळे असं होऊ शकतं. नवं इन्सुलिन जुन्यापेक्षा चांगलं की नाही हे ठरवताना शुगर किती वेळा खाली गेली, हा मोठा मुद्दा असतो.

दंडाला लावायचा सेन्सर दर काही मिनिटांनी आकडा देतो. पण जेवण राहिलं होतं, की दिवसभर ऊस तोडला, की डोस दोनदा घेतला गेला, हे सेन्सर सांगत नाही. ते पेशंटच सांगू शकतो.

गावात अडतं कुठे?

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा आता फक्त शहराचा आजार राहिलेला नाही. मधुमेहाच्या संशोधनात आपल्या गावांचा वाटाही जुना आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. भारतीय बाळ वजनाला कमी असूनही अंगात चरबी तुलनेने जास्त घेऊन जन्मतं, ही गोष्ट त्या अभ्यासाने जगापुढे ठळकपणे मांडली.

पण डायरी गावात आणायची तर काही गाठी सोडवाव्या लागतील.

पहिली गाठ, फोन कोणाच्या हातात? पेशंट सासूबाई आणि मोबाईल मुलाच्या खिशात. मुलगा संध्याकाळी घरी आला की विचारून नोंद करणार. म्हणजे शिक्का संध्याकाळचा आणि त्रास दुपारचा.

दुसरी, दिवसाचं वेळापत्रक. नाश्ता आठला, जेवण एकला, झोप दहाला, असं धरून डायरी बनवतात. जिथं शेतीपंपाला रात्रपाळीची लाइट आहे, तिथं माणूस रात्री दोनला दारं धरतो आणि सकाळी झोपतो. त्याची शुगर खाली जाईल ती बांधावर, रात्री. त्या वेळी डायरी प्रश्नच विचारत नसेल, तर तो धोका संशोधनात दिसणारच नाही.

तिसरी, उपवास. 'आज जेवलात का?' याचं उत्तर एकादशीला 'नाही' असं जाईल. साबुदाण्याची खिचडी मात्र दोन वेळा झालेली असेल.

चौथी, भाषा. पुस्तकी मराठीत 'अल्पशर्करेची लक्षणे जाणवली का?' असं विचारलं तर निम्मे लोक 'नाही' दाबतील. 'हातपाय गळाले का, कापरं भरलं का, डोळ्यापुढं अंधारी आली का?' असं विचारलं तर खरं उत्तर मिळेल.

रेंजचा प्रश्न त्यामानाने सोपा. नोंद फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवणारी डायरी करता येते. अवघड आहे ते वेगळंच. स्मार्टफोन येत नाही म्हणून म्हातारी माणसं आणि शेतमजूर बायका चाचणीतून वगळल्या गेल्या, तर औषधाचा हिशेब शहरातल्या माणसावर होईल आणि डोस मात्र गावातल्या माणसाला मिळेल.

आणखी एक. डायरीला वेळ कळते, खरंखोटं कळत नाही. १८० चे १४० मोबाईलवरही बरोबर आठ वाजता टाकता येतात. पेशंटला रागावणारा डॉक्टर तोच राहिला, तर नुसतं यंत्र बदलून भागणार नाही.

सही करण्याआधी काय विचारायचं?

भारतात औषध चाचण्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. नैतिकता समितीची मंजुरी लागते. माहिती पेशंटला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं.

डायरीबाबत चार प्रश्न जरूर विचारावेत. फोन आणि डेटाचा खर्च कोणाचा? माहिती कोण बघणार, नावासकट की नावाशिवाय? फोन बिघडला तर काय करायचं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री दोनला शुगर ५० टाकली तर ती त्याच वेळी कोणी बघतं का?

बहुतेक वेळा डायरी ही नोंदीसाठी असते, मदतीसाठी नसते. म्हणून शुगर खाली गेली की आधी उपाय, नंतर नोंद. माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा.

ज्यांचा कुठल्या चाचणीशी संबंध नाही, त्यांच्यासाठी साधी वहीही पुरेशी आहे. अट एकच, १८० आले तर १८० च लिहायचे. औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरतो.