रंगावर जाऊ नका, पण रंग जरूर पाहा!



गेल्या आठवड्यात सांगलीकडच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. ते वाचून ठरवलं, की या खेपेला लोणची-मसाल्यांना सुट्टी द्यायची आणि आपल्या दारात उभ्या असणाऱ्या मोटारसायकलीबद्दल बोलायचं. नाक मुरडू नका हं! ती गाडी तुमच्याही संसाराच्या पैशातून आलेली असते, आणि तिच्या मागच्या सीटवर तुम्हीच बसता.

त्या भगिनी लिहितात, की त्यांच्या यजमानांची नोकरी गावाबाहेरच्या कारखान्यात. बसच्या वेळा जुळेनात, म्हणून यांच्या भिशीचे आणि थोडे गाठीचे असे पैसे घालून एक जुनी मोटारसायकल घेतली. लालचुटूक रंग आणि टाकी तर अशी, की तीत पाहून कुंकू लावावं. दोघंही भुलली. दोन महिन्यांत गाडी एका बाजूला ओढायला लागली. मिस्त्रीने खोलून पाहिली, तर तिचा मोठा अपघात होऊन गेलेला. वाकलेली चेसिस ठोकून सरळ केलेली आणि वरून झकास रंग मारलेला! आता घरात जो तो म्हणतो, बाईमाणसाला यातलं काय कळतंय? शेवटी त्या विचारतात, खरंच का हो आपल्याला कळणार नाही?

कळणार नाही म्हणजे काय! साडी घेताना दुकानातल्या दिव्यावर विश्वास न ठेवता जी बाई पदर उचलून पायरीवर उजेडात नेते, तिला टाकीचा रंग का कळू नये? भांड्याची कल्हई खरी की नुसती चमक, हे ओळखणाऱ्या डोळ्यांना फक्त कुठे पाहायचं एवढं सांगितलं की पुरे.

आधी पुरुषमंडळींचं ऐकून घेऊ या. रविवारी सकाळी चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात पाहा. बादल्या भरलेल्या, फडकी पिळलेली, आणि चौघेजण चार गाड्यांभोवती उभे. आपण आतून हाका मारतो, पोहे निवतात, पण यांचं संपत नाही. कोणाच्या टाकीचा रंग जास्त खोल, कोणाचं क्रोम अजून टिकलंय, कोणत्या गाडीवर बसण्यात खरी मजा!

बुलेटवाला सगळ्यांत ऐटीत असतो. ही गाडी १९५०च्या दशकात मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला तयार होऊ लागली. तिची ती संथ धडधड ऐकली, की गल्लीतल्या खिडक्या उघडतात. काही मॉडेलांच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा तिथले कारागीर ब्रशने, हाताने ओढत आले आहेत. कुठलीही पट्टी न लावता! रांगोळीची एकसारखी रेघ ओढणं किती अवघड, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून बुलेटवाला त्या रेघेवरून बोट फिरवताना दिसला, तर त्याला हसू नका.

जावा-येझदीवाला वेगळाच. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनू लागली, पुढे ती येझदी झाली, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. जुन्या जावाच्या टाकीच्या दोन्ही बाजूंना चकाकते क्रोम आणि मधे गडद तांबडा रंग. किक आणि गिअर यांची दांडी एकच! ही नावं २०१८ आणि २०२२ मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा आली, पण जुनी गाडी सांभाळणाऱ्याला विचाराल, तर तो आपल्या जुन्या सायलेन्सरांच्या आवाजातच रमलेला असतो.

तिसरा यामाहा आर.एक्स. १००वाला. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी निघाली. वजन शंभर किलोंच्या आसपास, म्हणजे आजच्या बुलेटच्या जवळजवळ निम्मं. त्यामुळे ती पिसासारखी पळते. आणि चौथा आपला स्प्लेंडरवाला. ही गाडी १९९४ मध्ये आली. तिच्या रंगाचं किंवा आवाजाचं फारसं कौतुक कोणी करत नाही. पण महिनाअखेरीला थोड्या पेट्रोलवर घर चालवणारी तीच! स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यासारखी. मिरवत नाही, पण तिच्यावाचून अडतं.

तर ही मजा खरी आहे आणि तिला नावं ठेवण्याचं कारण नाही. चूक एवढीच होते, की मजा आणि पारख यांची गल्लत होते. चमकणारी गाडी चांगलीच असणार, असं मन ठरवून टाकतं. आमच्या सांगलीच्या भगिनीचं नेमकं हेच झालं.

म्हणून रंग म्हणजे काय ते समजून घेऊ. कारखान्यात पत्रा धुऊन त्यावर फॉस्फेटचा थर देतात, म्हणजे गंज धरत नाही आणि वरचा रंग घट्ट बसतो. मग प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर. मधे मधे भट्टीत भाजणंही असतं. हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी! एवढ्याशा पापुद्र्यावर पत्र्याचं आयुष्य अवलंबून असतं. हा पापुद्रा एका जागी उडाला, की पावसाळ्यात तिथे गंज शिरतो आणि आजूबाजूचा रंगही फुगवतो.

आता जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा काय काय कराल?

पहिली गोष्ट, दिवसाउजेडी जा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली गाडी दाखवणाऱ्याला नम्रपणे सांगा, उद्या सकाळी येतो. आणि गाडी ओली असेल तर वाळेपर्यंत थांबा. पाण्याखाली सगळंच चमकतं.

सकाळच्या तिरप्या उन्हात टाकीकडे कडेने पाहा. खिडकीची किंवा विजेच्या तारेची प्रतिमा टाकीवर सरळ उमटते, की मधेच लाटेसारखी वाकते? लाट दिसली, तर आत ठोकठाक झालेली असण्याचा संभव आहे. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबड एखाद्याच भागावर दिसली आणि बाकी भाग गुळगुळीत असला, तर तो भाग पुन्हा रंगवलेला समजावा.

मग सीट काढून आतल्या झाकलेल्या भागाचा रंग पाहा. साडीचा मूळ रंग काठ उलटून पाहतात ना, तसंच. आत एक छटा आणि बाहेर दुसरी, असं असेल तर कारण विचारा. नटबोल्टांच्या डोक्यांवर, रबरांवर, वायरींवर रंगाचे बारीक शिंतोडे आहेत का तेही पाहा. कारखान्यात सुटे भाग रंगवून मग जोडतात, तेव्हा रबरावर रंग जाण्याचं कारणच नाही.

पर्समध्ये एक छोटं लोहचुंबक टाका. फ्रिजवरचंसुद्धा चालेल. ते पातळ कापडात गुंडाळा, नाहीतर तुमच्याच हातून ओरखडा पडायचा. बहुतेक गाड्यांच्या टाक्या लोखंडी पत्र्याच्या असतात. चुंबक सगळीकडे घट्ट चिकटलं आणि एकाच जागी सुटू लागलं, तर तिथे खळग्यात पुट्टी भरलेली असणार. मात्र प्लॅस्टिकच्या भागांवर चुंबक चिकटणारच नाही, त्यावरून विक्रेत्याशी भांडू नका!

हँडलची टोकं, ब्रेक आणि क्लचच्या दांड्या, पाय ठेवायच्या जागा, या सगळ्या निरखा. गाडी पडते तेव्हा पहिला मार यांनाच लागतो. एका बाजूला घासल्याच्या खुणा आणि त्याच बाजूला ताजा रंग, ही जोडी चांगली नाही. मग गाडीच्या मागे चार पावलं लांब उभ्या राहा. दोन्ही चाकं एका ओळीत आहेत ना? पुढचं चाक सरळ ठेवलं, की हँडलही सरळ राहतं ना?

आणि कागद. आर.सी.वर गाडीचा रंग नोंदलेला असतो. कागदावर काळा आणि समोर लाल, असं असेल तर तिथेच थांबा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडून पाहा. नंबरावर रंगाचा जाड थर असेल किंवा ती जागा घासलेली दिसली, तर आपला चहा पिऊन उठावं हे बरं.

एक मात्र सांगते. पुन्हा रंगवलेली प्रत्येक गाडी वाईटच असं नव्हे. उन्हाने विटली म्हणूनही लोक हौसेने रंगवून घेतात. रंग आपल्याला प्रश्न विचारायला शिकवतो. उत्तर मात्र आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडूनच घ्यावं. त्याला दोन पैसे द्यावे लागले तरी द्यावेत, आणि गाडीचे पैसे मोजण्याआधी द्यावेत, नंतर नव्हे.

गाडी घरात आल्यावर रंग टिकवणं हे मात्र बरंचसं आपल्या हाती. कोरड्या फडक्याने धूळ पुसायची आपली सवय आधी सोडा. धुळीतली रेती काचपेपरसारखी घासते आणि गोल गोल बारीक ओरखडे उठतात. इंजिन निवू द्या, गाडी सावलीत घ्या, आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, आणि मगच मऊ कापड लावा. कपडे धुण्याची पावडर नको. गाड्यांसाठी मिळतो तो शाम्पू थोडासा पुरतो. जुन्या सुती धोतराचं फडकं छान, पण त्याला बटण, हूक किंवा जर नाही ना ते बघा. रॉकेलने पुसायची जुनी पद्धत बंद करा. तेवढ्यापुरतं चकाकतं, पण वर धूळ धरते.

पक्ष्यांची घाण वाळू देऊ नये. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून मग हलकेच उचलावी. टाकीवर पेट्रोल सांडलं तर लगेच टिपावं. ब्रेकचं तेल सांडलं तर क्षणभरही न थांबता पाण्याने धुवावं, ते रंग खातं. हल्ली मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगाच्या गाड्या आल्या आहेत. त्यांना पॉलिश लावू नये, चकाकते डाग पडतात. ते कायमचे बसतात. प्लॅस्टिकचं आच्छादन ओल्या गाडीवर घालू नका, आत दमटपणा कोंडून गंज धरतो. कोकणातल्या आणि समुद्रकाठच्या भगिनींनी तर क्रोमवरून आठवड्याला एक हात फिरवावाच. खारं वारं कोणाला सोडत नाही.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरातले पुरुष गाडी पसंत करतात ती स्वतःच्या बैठकीवरून. तुम्ही पसंत करा ती तुमच्या बैठकीवरून! घेण्याआधी साडी नेसून मागे बसून पाहा. धरायला पक्की पकड आहे का? पाय टेकतात का? मागच्या चाकावर साडी गार्ड आहे का? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १२३वा नियम मागे बसणाऱ्यासाठी पकड, पाय ठेवायची जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मागतो. तरी गाडी देखणी दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणारे महाभाग आहेतच. त्यांना स्पष्ट सांगा, गार्ड परत बसवल्याशिवाय मी बसणार नाही. आणि हेल्मेट दोघांनाही.

आमच्या सांगलीच्या भगिनींना एवढंच सांगायचं आहे, की झाल्या गोष्टीचा दोष एकटीने अंगावर घेऊ नका. पैसे दोघांचे होते, भुललीही दोघंच. ठोकून सरळ केलेली चेसिस आणि पुढचा फोर्क जाणत्या मिस्त्रीला पुन्हा नीट तपासायला लावा. तो गाडी सुरक्षित आहे असं सांगेपर्यंत यजमानांनी बसनेच जावं. बस उशिरा आली तरी चालेल. आणि तो सुरक्षित नाही म्हणाला, तर त्या लालचुटूक रंगाचा मोह सोडा. भिशी पुन्हा लागते. घरचं माणूस मोलाचं.

पुढच्या खेपेला कोणी म्हणालं, बाईमाणसाला काय कळतंय, तर काही बोलू नका. पर्समधलं चुंबक काढा आणि टाकीवर ठेवा.