बोलायचे कोणी?



इंग्रजीच्या शिक्षकाने वर्गात मराठीचा एकही शब्द उच्चारला नाही की शिकवणे आपोआप उत्तम होते, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा आग्रह मला पटला नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. अख्खा तास अस्खलित इंग्रजीत बोलणारे शिक्षक मी पाहिले आहेत. वर्ग मात्र मुकाट बसलेला असतो. बोलायचे कोणी, शिक्षकांनी की मुलांनी?

माझ्या एक सहकारी बाई वहीतली चूक स्वतः दुरुस्त करत नाहीत. 'शी गो टू स्कूल' दिसले की खाली फक्त रेघ मारतात. मूल शेजारच्याशी, मराठीतच, खल करते, 'गोज' लिहून वही परत आणते आणि ते वाक्य मोठ्याने वाचते. साठ वह्यांना वेळ लागतो, पण ती चूक सहसा पुन्हा होत नाही. याला मी उत्तम शिकवणे म्हणते.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहावीला निबंध आणि पत्र पाठ करून येणारी मुले थोडी नाहीत, कारण लेखी परीक्षेच्या ८० गुणांपुढे उरलेल्या २० गुणांची तोंडी परीक्षा आपण निव्वळ उपचार करून टाकली आहे.

मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती: तास पाहायला जाल तेव्हा शिक्षकाचे उच्चार तपासत बसू नका. मागच्या बाकावरची मुले स्वतःची किती वाक्ये बोलली, ते मोजा.

– एक शिक्षिका, सातारा