परत फिरायला कोण शिकवणार?

दर पावसाळ्यात दोन बातम्या पाठोपाठ येतात. एक बुडालेल्यांची, दुसरी बंदीची. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. लगोलग आदेश निघाले, पोलीस नाक्यावर उभे राहिले, आणि घराघरांत आईवडिलांनी मुलांना ठणकावलं, ‘डोंगरबिंगर काही नाही, घरात बसा.’ पोरांना डोंगरावर जाण्याआधी तयारी शिकवा, शाळेतच शिकवा, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहे. त्यावर जे आक्षेप ऐकू येतात त्यांना आज सविस्तर उत्तर देतो. आक्षेप घेणारी माणसं मुलांच्या काळजीनेच बोलतात, म्हणून ते आधी नीट मांडतो.

पहिला पक्ष बंदीवाल्यांचा. धोका आहे ना, मग जाऊच देऊ नका. अतिवृष्टीचा इशारा असताना एखादी जागा बंद ठेवावी याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण आदेशात नावं असतात ती दहा-वीस ठिकाणांची, आणि सह्याद्रीत ओढे, घळी, नाळी किती आहेत ते कुणी मोजलेलं नाही. सोळा वर्षांचा मुलगा फलक पाहून घरी परतत नाही, तो शेजारच्या ओढ्यावर जातो. पाणी कसं वाढतं हे त्याला त्या आदेशाने सांगितलेलं नसतं. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी गढूळ होतं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागतो, खळखळीचा आवाज जड होतो. एवढं दिसलं की पात्रातून उठायचं आणि ज्या काठाला घरची वाट आहे त्या काठावर उंच जाऊन बसायचं. मधे ओढा आडवा आलाच तर ओलांडायचा नाही, थांबायचं. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं. पण आपले डोंगरी ओढे लांबीने तोकडे, पाऊस थांबला की काही तासांत उतरतात. हे एका तासिकेत शिकवता येतं. पाच जीव गेल्यावरही ती तासिका कुठल्या वेळापत्रकात आलेली मी पाहिली नाही.

दुसरा पक्ष माझ्याच पिढीचा, म्हणून जास्त जिव्हारी लागणारा. ‘आम्हाला कुणी शिकवलं होतं? आम्ही गेलो, पडलो, शिकलो.’ हे अर्धसत्य आहे. डोंगरातल्या ठाकर किंवा महादेव कोळी घरातला मुलगा आजोबांमागे गुरं घेऊन हिंडला, तेव्हा कुठला दगड शेवाळलेला आणि कुठली ढोरवाट कड्यावर जाऊन संपते हे त्याला पावलोपावली सांगितलं गेलं. त्याला वर्ग म्हणत नव्हते, एवढंच. शहरात गिर्यारोहणाच्या संस्था होत्या. तिथे नवा मुलगा वर्षभर जुन्यांच्या मागून चालायचा, भांडी घासायचा, दोर गुंडाळायचा आणि मग कधीतरी पुढे व्हायचा. ती साखळी आज बहुतेक मुलांपर्यंत पोहोचत नाही. मुलगा बुधवारी रात्री रील पाहतो, गुरुवारी पैसे भरतो, शुक्रवारी रात्री बसमध्ये चढतो आणि शनिवारी उजाडता उजाडता हरिहरच्या उभ्या पायऱ्यांखाली रांगेत असतो. त्याच्या पुढेही नवखा, मागेही नवखा.

आणि ‘आम्ही शिकलो’ असं म्हणणारे आपण म्हणजे परत आलेले. जे परतले नाहीत ते हे वाक्य म्हणायला उरलेले नाहीत. मी सतरा वर्षांचा असताना आम्ही तिघं मित्र एका गडावरून उतरताना ढोरवाटेलाच मळलेली वाट समजलो. ऑक्टोबरचा दिवस, झपाट्याने अंधारलं. तिघांत एक विजेरी, तिचे सेल मंद. पुढच्याचा पाय घसाऱ्यावरून सुटला आणि तो करवंदीच्या जाळीत अडकला म्हणून वाचला. उरलेली रात्र आम्ही कड्यालगत, दीड हात रुंद जागेवर एकमेकांचे हात धरून काढली. सकाळी एका गुराख्याने हाका मारत मारत आम्हाला वर घेतलं. घरी कुणालाच माहीत नव्हतं की आम्ही कुठल्या गडावर गेलोय. त्या रात्रीला मी अनुभव म्हणत नाही. आम्ही नशिबाने सुटलो, आणि नशीब पुढच्या पिढीला वारसा म्हणून देता येत नाही.

‘मोबाइलमध्ये नकाशा आहे ना’ म्हणणाऱ्यांना थोडक्यात उत्तर देतो. नकाशा मोबाइलमध्ये जरूर असावा, आधी उतरवून घेतलेला असावा. पण दरीत रेंज नसते, पावसात पडदा चालत नाही, थंडीत बॅटरी लवकर उतरते, आणि नकाशावरची रेघ पायाखालचा घसारा दाखवत नाही. ‘आयोजक आहेत ना, जबाबदारी त्यांची’ हे म्हणणंही तितकंच अपुरं. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, आयोजकांना नियमांत बांधलं, ते योग्यच झालं. तरीही चाळीस मुलांमागे तीन जाणते असतील, तर तहान लागण्याआधी पाणी प्यायचं, पायाला फोड येतोय हे वेळेवर सांगायचं, ही कामं मुलालाच करावी लागतात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ‘एवढी सावधगिरी शिकवलीत तर साहस मरेल. मावळ्यांनी काय हेल्मेट घातली होती?’ टाळ्या मिळवणारं वाक्य आहे हे. मी त्यावर हिरकणीची आख्यायिका पुढे ठेवतो. रायगडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली, हे आपण पोरांना रंगवून सांगतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधून ती वाट बंद केली, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. जिथून ती उतरली तिथून उद्या शत्रूही चढेल, हे ओळखणं त्याच गोष्टीचा भाग आहे. धाडसाचं कौतुक आणि धोक्याची चोख नोंद, दोन्ही एकाच राजाने केलं. आपण मात्र मुलांना पहिली अर्धी गोष्ट सांगून सोडून देतो.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात आम्ही बावीस मुलं घेऊन राजगडावर गेलो होतो. गुंजवण्यातून चोर दरवाज्याने चढून पद्मावती माचीवर आलो. त्या दिवसाचं नेतृत्व नववीतल्या एका मुलीकडे होतं. दर मोहिमेत एक मूल पुढे असतं, आणि एकजण शेवटी चालतो, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. बालेकिल्ला समोर दिसत होता. त्याच्या चढावर कातळातल्या खोबण्या आणि लोखंडी कठडे आहेत. साडेबाराला पश्चिमेकडे आभाळ काळवंडलं. वीज चमकली. ती मुलगी ओठ हलवत आकडे मोजत होती, मला दिसत होतं. वीस झाले आणि गडगडाट ऐकू आला. म्हणजे वीज साधारण सात किलोमीटरवर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की उघड्यावरून हटायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आसरा सोडायचा नाही, हे ती आमच्या तयारीच्या वर्गात शिकलेली होती. ती वळून म्हणाली, ‘बालेकिल्ला नाही. सगळे देवळात चला.’

मुलं चिडली. एक उंच मुलगा म्हणाला, ‘अगं, अर्ध्या तासाचं तर काम आहे! काका, तुम्ही सांगा ना हिला.’ मी काही सांगितलं नाही. सांगायचा मोह फार झाला होता, कारण तो बरोबर बोलत होता, काम खरंच अर्ध्या तासाचं होतं. आम्ही पद्मावतीच्या देवळात दाटीवाटीने बसलो. पाऊस झोडपून गेला. पुन्हा बाहेर पडलो तेव्हा तिने चोर दरवाज्याची ओली, उभी उतरण नको म्हणून सगळ्यांना पाली दरवाज्याच्या रुंद, पायऱ्यांच्या वाटेने खाली नेलं. बसच्या चालकाला ही दुसरी वाट तिने सकाळीच सांगून ठेवली होती. त्या दुपारी बालेकिल्ल्यावर वीज पडली का, ते मला माहीत नाही. पडली नसेल तरी तिचा निर्णय बरोबर होता. ती पोर घाबरट आहे असं म्हणणाऱ्याने, तोंडावर चिडलेल्या एकवीस जणांना ‘नाही’ म्हणून पाहावं.

मी शिकवा म्हणतो ते हेच. त्याची सुरुवात घरी ठेवायच्या एका कागदापासून होते. कुठे जातोय, कुठल्या वाटेने, बरोबर कोण, परतीची वेळ काय, आणि अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. मग वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सोपं गणित मांडलं: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर अंतर आणि नऊशे मीटर चढ असेल तर दोन तास बेचाळीस मिनिटं. हे झालं तयार माणसाचं, विश्रांती न धरता. मुलांसाठी मी त्यात निम्मी भर घालायला लावतो, म्हणजे चार तास. त्यावरून मागे फिरण्याची वेळ काढायची आणि माथा हाताच्या अंतरावर असला तरी ती पाळायची. सातवीतल्या मुलाला हे गणित येतं. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषांना त्या दिवशी पहिल्यांदा अर्थ येतो.

मग अडचणीच्या वेळची तयारी. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. घड्याळ-कडं काढायचं, हात किंवा पाय हलणार नाही असा लाकडी पट्टीला बांधायचा आणि माणसाला चालवत न नेता उचलून दवाखान्यात न्यायचं. कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे, हे मोहिमेच्या आदल्या आठवड्यात मुलांनीच फोन करून विचारायचं. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली अत्तर, धूर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर डोकं-तोंड झाकून लांब पळायचं. पण अरुंद कड्यावर पळायला जागाच नसते, म्हणून तिथे जाण्याआधी वर नजर टाकायची. गळ्यात शिट्टी हवी. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा वाजवायची. घसा बसला तरी शिट्टी वाजत राहते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना तीन रविवार आणि एक सोपा डोंगर पुरे. शिकवणारे कुठून आणायचे, असं मुख्याध्यापक विचारतात. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र, खोपोलीची यशवंती हायकर्स यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आपला कामधंदा सोडून अपरात्री दरीत उतरतात, लोकांना वर काढतात. त्यांना आपण बोलावतो ते कुणी पडल्यावर. जूनमध्ये शाळेत बोलावून पाहा. आणि हे लवकर करायला हवं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात राजगड, रायगड, साल्हेर आहेत. आनंदच आहे, पण गर्दी वाढणार, आणि त्या गर्दीत बहुतेक वीस-बावीस वर्षांच्या आतले असणार.

येत्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा राजगडावर जातोय. ‘काका, सांगा ना हिला’ म्हणणारा तो उंच मुलगा या वेळी पुढे चालणार आहे. परवा त्याने कागद आणून दिला. चढाच्या वेळेचा हिशेब नीट आहे, दवाखान्याचं नाव आहे, खाली उतरायची दुसरी वाट पाली दरवाज्याची आहे. मागे फिरण्याची वेळ त्याने आधी दीड लिहिली होती, ती खोडून सव्वाबारा केली आहे.