मेमरी मिळते म्हणून मागायची का?

मंडळी, आज जरा लिनक्स कर्नलच्या पोटात शिरू. कोडवाले नसाल तरी थांबा, मुद्दा साध्या हिशेबाचा आहे.

डिस्क माउंट करताना कर्नल आधी सुपरब्लॉक वाचतो. डिस्क केवढी, कुठली टेबलं किती मोठी, हे त्यात लिहिलेलं असतं. मग ती टेबलं वाचायला मेमरी लागते. ती मागायचे जुने रस्ते दोन. केमॅलॉक खरोखर सलग मेमरी देतो. जलद, पण एक्स८६ वर त्याची धाव साधारण ४ एमबीपर्यंत, आणि मशीन बरेच दिवस चालू असेल तर तेवढा सलग तुकडा मिळेलच असं नाही. व्हीमॅलॉक इकडची तिकडची पेजेस गोळा करून ती सलग असल्यासारखी दाखवतो. खटपट जास्त, पण मोठी मागणी भागते. २०१७ साली, ४.१२ मध्ये केव्हीमॅलॉक आला. आधी पहिला रस्ता, नाही जमलं तर दुसरा. सगळे खूश!

माझी तक्रार या सोयीबद्दल नाही, तिच्यामुळे विचारायचा राहून जाणाऱ्या प्रश्नाबद्दल आहे. एवढी मेमरी हवीच कशाला, आणि आकडा सांगितला कुणी?

ईएक्सटी४ काय करतं बघा. ४ केबीचा ब्लॉक धरला तर एक ग्रुप १२८ एमबीचा, म्हणजे १६ टीबीच्या डिस्कवर १,३१,०७२ ग्रुप. प्रत्येकाचा डिस्क्रिप्टर ६४ बाइट धरला तर एकूण ८ एमबी. हे एकदम मागितलं तर केमॅलॉक हात वर करणार. पण ईएक्सटी४ तसं मागतच नाही. एकेक ब्लॉक बफर कॅशमध्ये वाचतं आणि त्यांच्या पॉइंटरची यादी तेवढी वेगळी ठेवतं: २,०४८ पॉइंटर, १६ केबी. शिवाय सुपरब्लॉकमधला आकडा खऱ्या डिव्हाइसपेक्षा मोठा नाही ना, हेही आधी तपासतं. याला म्हणतात बेताने संसार करणं.

आता उलटं उदाहरण. प्रोकमधल्या फाइलींचा मजकूर तयार करणाऱ्या सेक-फाइल कोडमध्ये २०१४ साली अशीच सोय झाली: केमॅलॉक फसला तर व्हीमॅलॉक. हेतू चांगलाच होता, मोठ्या मशीनवर प्रोकमधली स्टॅट फाइल वाचताना मागणी फसत होती. पण आता बफर २ जीबीपर्यंत फुगू शकत होता. १ जीबीपेक्षा लांब पाथ तयार करून माउंट केला की हा आकार इंटमध्ये ऋण व्हायचा, आणि साध्या यूझरला रूट होता यायचं. क्वालिसने २०२१ मध्ये हे भोक उघड केलं, नाव सिक्वोया. मग सेक-फाइलच्या बफरवर मर्यादा आली, आणि ५.१५ पासून खुद्द केव्हीमॅलॉकलाही.

खरी चूक इंटची, मान्य. पण केमॅलॉकच्या तोकडेपणामुळे ती आपोआप अडत होती. कुंपण काढलं, दुसरं घातलं नाही.

कोणी म्हणेल, आता लॅपटॉपलाही १६ जीबी असते, कशाला कटकट? अहो, कर्नलची मेमरी स्वॅप होत नाही, आणि हाच कोड छोट्याशा राउटरवरही चालतो. शिवाय झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेल्या पेन ड्राइव्हचा सुपरब्लॉक कुणी लिहिलाय, आपल्याला काय ठाऊक? तेव्हा डिस्कवरचा आकडा आधी तपासा, वरची मर्यादा स्वतः ठरवा, आणि ब्लॉक-ब्लॉकने वाचून भागत असेल तर तसंच वाचा. केव्हीमॅलॉक त्यानंतर.