चेनला सलाईन

"एकदा बसवलं की चेनकडे बघायलाच नको!" ऑटोमॅटिक चेन ऑइलरबद्दलचं हे वाक्य गेल्या वर्षभरात मी दोन भाच्यांकडून आणि एका जावयाकडून ऐकलं. तिघेही हा ब्लॉग वाचतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी यंत्राला न्याय देऊ. कल्पना जुनी आणि चांगली आहे. 1969 च्या होंडा सीबी 750 वर कारखान्यातूनच चेनला तेल पाजायची सोय होती. पुढे स्कॉटलंडच्या स्कॉटऑइलरने वेगळी युक्ती काढली. इंजिन सुरू झालं की त्याच्या हवेच्या नळीत जी ओढ तयार होते, तिनेच एक झडप उघडते आणि डबीतलं तेल बारीक नळीतून मागच्या चक्रावर ठिबकतं. मिनिटाला एखाद-दुसरा थेंब. इंजिन बंद, की तेल बंद. पावसापाण्यात रोज शेकडो किलोमीटर तुडवणाऱ्याला याहून चांगला सोबती नाही.

पण आमच्या मोरव्यात कोण शेकडो किलोमीटर जातंय? इथून भाईंदर स्टेशन, नाहीतर उलट दिशेला डोंगरी-उत्तन. एका अंगाला मिठागरं आणि खाडी, दुसरीकडून समुद्राचा वारा. पावसाळ्यात डब्यातलं मीठ ओलं होतं ना, तसंच चेनवर बसलेलं मीठही हवेतलं पाणी ओढतं आणि गंज धरतो. त्यात उघड्या चेनवर सतत तेल ठिबकवलं, की रस्त्यावरची रेती त्याला चिकटणार आणि दातांखाली तिचं वाटण होणार. ऑइलर तेल घालतो. तो चेन पुसत नाही, ढिली झाली तर ताणत नाही. मग "बघायलाच नको" कुठून आलं?

खरा राग मला वेगळ्याच गोष्टीचा आहे. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली तेव्हा तिची चेन पूर्ण झाकलेली होती. मीठ नाही, चिखल नाही, तेलही आतच. आजही काही साध्या 100 सीसी गाड्यांवर ते कव्हर टिकून आहे. बाकीच्यांचं का गेलं? तर म्हणे, गाडी 'स्पोर्टी' दिसत नाही! पत्र्याचा एक तुकडा काढायचा आणि त्याच्या अभावी होणाऱ्या त्रासावर हजारोंचं औषध विकायचं. मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमाने मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकायला लावलंय. साडीवाली मावशी नेमकी डावीकडे पाय सोडून बसते आणि बहुतेक गाड्यांची चेनही डावीकडेच असते. तिचा विचार कुणी करायचा?

आणि ते सलाईनचं जुगाड! दवाखान्यातली बाटली, नळी आणि हाताने फिरवायचं चाक. युट्यूबवर बघून लोक बसवतात. गाडी थांबली तरी ते थांबत नाही. बंद करायला विसरलात, तर रात्रभर तेल गळून टायरवर येतं. सकाळी पहिल्याच वळणावर, पाऊस असेल तर, काय होईल ते मी लिहीत नाही.

ज्यांच्या गाडीला पूर्ण कव्हर बसतच नाही आणि जे खरोखर लांब जातात, त्यांनी खुशाल ऑइलर घ्यावा. नळीचं टोक चक्राच्या दातांवरच राहील, ब्रेकच्या डिस्ककडे वळणार नाही, असं घट्ट बांधून घ्या. पहिले आठ दिवस टायरची कड रोज बोटाने तपासा. एप्रिल 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना नळी जोडताना कुठे फट राहिली तर गाडी सिग्नलला धडधडते. ते काम जाणकाराकडूनच करवून घ्या.

बाकीच्यांना नव्वद नंबरचं गिअर ऑइल, जुना टूथब्रश, फडकं आणि पंधरवड्यातून एकदा पंधरा मिनिटं पुरतात. पावसाळ्यात दर आठवड्याला. गाडी मेनस्टँडवर, चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद. गिअर टाकून चालत्या चेनला फडकं लावणारे महाभाग मी पाहिलेत, म्हणून पुन्हा लिहितो, इंजिन बंद.