माणशी परवाना की कपॅसिटी?

आपल्या उसाचे वजन, तोडीची तारीख आणि बिल घरबसल्या दिसावे म्हणून कारखान्याच्या अ‍ॅपमध्ये पॉवर बीआयचे अहवाल बसवायचे घाटते आहे. घोडे अडले आहे परवान्यापाशी.

काहीजण म्हणतात, माणशी प्रो परवाना घ्या. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर माणशी दरमहा १४ डॉलर. म्हणजे शेतकऱ्याने स्वतःचेच वजन बघायला डॉलर मोजायचे!

आमचे मत, कपॅसिटी भाड्याने घ्यावी. तिथे माणसे मोजत नाहीत, यंत्राची ताकद मोजतात. अ‍ॅपमधून बघणाऱ्याला परवाना लागत नाही. प्रो लागतो तो अहवाल करून चढवणाऱ्या ऑफिसातल्या दोघा-तिघांना. एफ-६४ चा आग्रहही नको. विनापरवाना माणसाला थेट पॉवर बीआयमध्ये अहवाल बघायचा असेल तर ती पायरी लागते, अ‍ॅपला एफ-२ पासूनची चालते.

वर्षाचे आरक्षण स्वस्त पडते खरे, पण आपले गाळप चार-पाच महिन्यांचे. वापराप्रमाणे भाडे ठेवले तर पट्टा पडल्यावर कपॅसिटी बंद करता येते, भाडे थांबते. मात्र बंद असताना अहवालही दिसत नाहीत, तेव्हा शेवटचे बिल निघेपर्यंत घाई करू नये. बिलाच्या दिवशी सगळेच अ‍ॅप उघडणार. छोटी कपॅसिटी दमेल. तेवढ्यापुरती ती वाढवावी, मग पुन्हा उतरवावी.

आणि एकाचे वजन दुसऱ्याला दिसता कामा नये. ही अट अ‍ॅप करणाऱ्याकडून आधी लेखी घ्या, मगच सही करा.